पोरं सांभाळायला काय लागतं?

टेकाळेसाहेबांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. माझ्या खांद्यावर झोपलेली पोरगी आणि हातातली कापडी पिशवी बघून त्यांनी ब्रश बाहेर काढला.

"काय रे? कोण पाहिजे?"

"वहिनी आहेत का?"

"काम काय ते मला सांग. मॅडमची सगळी कामं मीच बघतो."

ते खोटं बोलत नव्हते. बोरनाळ नगरपालिकेत आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा साहेबांनी बायकोला उभं केलं. पोस्टरवर कुमुदिनीवहिनींचा फोटो लहान आणि हात जोडलेले साहेब मोठे. वहिनी निवडून आल्या, पण गटार तुंबली की लोक साहेबांनाच भेटायचे. सभेतसुद्धा साहेब वर गॅलरीत बसतात, ते खोकले की वहिनी हात वर करतात, असं सगळं गाव हसत हसत सांगायचं.

"साहेब, ही माझी मुलगी, रेवती. अडीच वर्षांची आहे. आजचा दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या. पाळी सुटली की येऊन नेतो."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "शुद्धीवर आहेस ना? हे नगरसेवकाचं घर आहे, पाळणाघर नाही."

"पाळणाघर तुम्ही बंद करताय ना साहेब. म्हणून घरी आलो."

हे वाक्य माझं नव्हतं. आमच्यातल्या खैरूनआपांनी आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांकडून ते घोटून घेतलं होतं. मी यंत्रमागावरचा कामगार. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस मुळात बोलायलाच विसरलेला असतो.

झालं होतं ते असं. नगरपालिकेची गावात चार पाळणाघरं होती. मागावर, सुताच्या कांड्या भरायला, विडीच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका सकाळी पोरं तिथं सोडायच्या. पोरांना दुपारी भात-आमटी मिळायची, झोपायला सतरंजी मिळायची. त्याच स्वयंपाकातून गावातल्या निराधार म्हाताऱ्यांना डबा जायचा. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात हे सगळं काढून टाकलं होतं. पाळणाघरं बंद, डबे बंद. ते पैसे तलावाच्या सुशोभीकरणाला वळवले होते. तलावात रंगीत दिव्यांचं कारंजं होणार होतं.

माझी बायको लावण्या रेवती वर्षाची व्हायच्या आत काविळीने गेली. तेव्हापासून पाळणाघरात पोर सोडणारा मी एकटाच बाप. सुरुवातीला बायका पदराआड हसायच्या. मग त्यांनीच मला वेणी घालायला शिकवली.

पाळणाघरं बंद होणार हे कळल्यावर आम्ही आधी रीतीने गेलो. निवेदन घेऊन एकेका नगरसेवकाचं दार वाजवलं. सगळ्यांनी पाणी विचारलं, खुर्ची दिली, आणि सगळे एकच बोलले, "बघू." शेवटी नगराध्यक्षांकडे गेलो. ते चांगल्या स्वभावाचे गृहस्थ होते. मोठ्याने हसले आणि म्हणाले, "अहो, पोरं सांभाळायला काय लागतं? घरातलं कुणीतरी बघतंच की!"

आम्ही पायऱ्या उतरू लागलो. खैरूनआपा मात्र मध्येच थांबल्या. त्या कांडी भरायच्या. विधवा मुलीची जुळी पोरं त्यांच्याच पदरात होती. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घरातलं कुणीतरी बघतंच ना? ठीक आहे. मग बघू दे त्यांच्या घरातलं कुणीतरी."

असा तो बेत ठरला. अंदाजपत्रकाच्या सभेच्या आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या वॉर्डातल्या नगरसेवकाच्या घरी पोर सोडायचं आणि कामावर जायचं. भांडायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. घरातली बाई नको म्हणाली तर पोर उचलून परत यायचं. पोरं घाबरू नयेत म्हणून पाळणाघरातल्या मावश्या दिवसभर त्या घरांना फेऱ्या मारणार होत्या. "आणि कुणी विचारलं तर सांगायचं," आपा म्हणाल्या, "मतं मागायला आलात तेव्हा तुमची लेकरं ती आमची लेकरं म्हणाला होतात."

ते दुसरं वाक्य मी साहेबांना म्हणायला तोंड उघडतच होतो, एवढ्यात त्यांच्या मागे वहिनी येऊन उभ्या राहिल्या. पोस्टरवरच्यापेक्षा थकलेल्या दिसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रेवतीकडे पाहिलं.

"काय खाते?"

"अगं, काय खाते काय!" साहेब उखडले. "हा राजकारण करायला आलाय. त्या आपाचं डोकं आहे सगळं. दार लाव."

"दूधभात खाते," मी घाईघाईने म्हणालो. "डाळ घातली तरी चालते. तिखट नको. झोप आली की कुणाचा तरी कान धरते. कान धरू दिला की लगेच झोपते."

वहिनींनी हात पुढे केले. रेवती अर्धवट जागी झाली, माझी मान सोडली आणि त्यांच्या खांद्यावर कलंडली. साहेब बघत राहिले. ब्रशचा फेस त्यांच्या बनियनवर सांडत होता.

"एका दिवसाचा प्रश्न आहे," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवशी माझं मागावर लक्ष नव्हतं. धागा तुटायचा, जोडायचो, पुन्हा तुटायचा. मागांवर देखरेख करणारा आमचा जॉबर नागनाथ कानाशी येऊन ओरडला, "नगरसेवकाच्या घरी पोरगी ठेवलीस म्हणे! मोठा माणूस झालास की!" त्याला हसू आवरत नव्हतं. दुपारपर्यंत बातम्या येऊ लागल्या. एका घरात पोराने शोकेसमधल्या बाहुल्या काढून हौदात पोहायला सोडल्या. एका नगरसेवकाच्या म्हाताऱ्या वडलांनी पोराला घोडा होऊन फिरवलं आणि कंबर धरून बसले. दोन घरांत मात्र दार उघडलंच नाही. तिथं गेलेल्या बायका पोरं कडेवर घेऊन घरी परतल्या आणि त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली.

सगळ्यात मोठी बातमी नगराध्यक्षांची. खैरूनआपांनी आपली जुळी नातवंडं त्यांच्याच घरी सोडली होती. अकराच्या सुमारास नगराध्यक्षांच्या बाईसाहेब रिक्षाने नगरपालिकेत आल्या. दोन्ही काखांत दोन पोरं. केबिनमध्ये कारंज्याचा ठेकेदार नकाशा पसरून बसला होता. बाईसाहेबांनी एक पोर नकाशावर बसवलं, दुसरं नगराध्यक्षांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला महिला मंडळात जायचंय. घरातलं कुणीतरी बघतंच ना? तुम्ही बघा." आणि निघून गेल्या. नकाशावर बसलेल्या पोराने पुढं काय केलं ते शिपायाने गावभर सांगितलं. इथं लिहीत नाही.

संध्याकाळी मी धावतच टेकाळ्यांच्या घरी गेलो. साहेब नव्हते. वहिनी ओसरीतल्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. केस सुटलेले, पदरावर भाताची शितं. मांडीवर रेवती गाढ झोपलेली, आणि तिच्या मुठीत वहिनींचा कान. वहिनींची मान एका बाजूला वाकडी झाली होती.

"हलू नकोस," त्या हळू आवाजात मलाच म्हणाल्या. "आत्ताच झोपलीय. बस तिथं."

मी पायरीवर बसलो.

"माझे दोन मुलगे," त्या म्हणाल्या. "घरात सासूबाई होत्या, दोन जावा होत्या. कधी मोठे झाले, कळलंसुद्धा नाही. आज कळलं. हिची आई कुठं कामाला जाते?"

"आई नाही. वारली."

वहिनींचा झोपाळा थांबला. "मग घरी कोण?"

"मीच."

"पाळणाघर बंद झालं तर?"

हा प्रश्न मला कुणी विचारू नये असं मला वाटत होतं. आपांनासुद्धा मी सांगितलं नव्हतं. पण त्या वाकड्या मानेने बसलेल्या बाईला मी सांगितलं.

"लावण्याची मोठी बहीण करीमनगरला असते. सुगुणाक्का. मूलबाळ नाही. फार जीव आहे तिचा रेवतीवर. म्हणते, मला दे. पाळणाघराचं ऐकल्यापासून रोज फोन करते शेजाऱ्यांकडे. येत्या रविवारी न्यायला येतेय. वाईट नाहीये ती. चांगलं सांभाळेल. पण मग मी वर्षातून एकदा जाणार आणि रेवती मला काका म्हणणार."

वहिनींनी रेवतीच्या अंगावर पदर ओढला. मग म्हणाल्या, "मला सभेत बोलता येत नाही हो. मी कधी बोललेच नाही. वर हे बसलेले असतात. खोकले की हात."

"माहितीय," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

त्या कडवट हसल्या. "सगळ्या गावाला माहितीय ना?"

आपांनी शिकवलेली दोन्ही वाक्यं आता उपयोगाची नव्हती. मग मनात होतं तेच बोललो. "वहिनी, मी मत दिलं तेव्हा मशीनवर चिन्हाशेजारी नाव तुमचं होतं. टेकाळेसाहेबांचं नव्हतं. मी तुम्हालाच मत दिलंय. उद्या ते माझं मत समजून वापरा. बाकी मला राजकारण कळत नाही."

त्यांनी रेवतीची बोटं एकेक करून कानावरून सोडवली आणि तिला माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी खाडा केला. नगरपालिकेची प्रेक्षक गॅलरी एरवी रिकामी असायची. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कांडीवाल्या, विडीवाल्या, मावश्या, डबा खाणारी म्हातारी माणसं. गॅलरीत बोलायला बंदी असते, म्हणून आपांनी सगळ्यांना ताकीद देऊन ठेवली होती, "तोंडात पान धरून बसा, पण आवाज नको." मी कठड्याला चिकटून बसलो. थोड्या वेळाने माझ्या शेजारी कुणीतरी धपकन बसलं. बघतो तर टेकाळेसाहेब. ती त्यांची नेहमीची जागा होती, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अंग चोरलं.

खाली नगराध्यक्षांनी अंदाजपत्रक मांडलं. पन्नाशीचे एक अपक्ष सभासद होते, कुलकर्णी गुरुजी म्हणून. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन राजकारणात आले होते. त्यांनी उपसूचना मांडली : कारंज्याची तरतूद रद्द करावी, पाळणाघरं आणि म्हाताऱ्यांचे डबे चालू ठेवावेत. विरोधी बाकावरच्या एकाने अनुमोदन दिलं.

नगराध्यक्ष म्हणाले, "भावना आम्हालाही आहेत. पण गावाचा विकास दिसला पाहिजे." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. घरी त्यांचं काही खरं नव्हतं, हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं. "उपसूचनेच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

विरोधकांचे हात आधी वर गेले. मग सत्ताधारी बाकांवर चुळबूळ झाली. कंबर धरून बसलेल्या म्हाताऱ्याच्या मुलाने हात वर केला. ज्यांच्या बाहुल्या हौदात गेल्या होत्या त्यांनीही केला, आणि का कोण जाणे, हसतच केला. आणखी एक हात गेला. मुख्याधिकारी उभे राहून मोजू लागले. गॅलरीत सगळ्यांची बोटं मोजत होती. बारा. पंचवीस सभासदांत बारा. एक कमी.

वहिनी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. हात मांडीवर.

"बारा," मुख्याधिकारी म्हणाले. "आता विरुद्ध असणाऱ्यांनी..."

माझ्या शेजारी टेकाळेसाहेब खोकले. चांगले खणखणीत खोकले.

वहिनी उठून उभ्या राहिल्या.

साहेब समाधानाने मागे टेकले. त्यांना वाटलं, उत्साहात हात वर करायच्या ऐवजी उभीच राहिली. मलाही तसंच वाटलं.

"अध्यक्षमहाराज," वहिनी म्हणाल्या. आवाज इतका बारीक की पुढच्या रांगेतले मागे वळून बघू लागले. "मला बोलायचंय."

"मतदान चालू आहे, टेकाळेबाई."

"मग मतच देते. पण बोलून देते." त्यांनी समोरचा बाक घट्ट धरला होता. "परवा तुम्ही म्हणालात, पोरं सांभाळायला काय लागतं. काल माझ्याकडे एक मुलगी होती. मी सांगते काय लागतं. एक माणूस लागतं. अख्खं. काल दिवसभरात मला एक कप चहा गरम प्यायला मिळाला नाही, आणि मी माझ्या घरात होते. माझ्याकडे गॅस आहे, कामाला बाई आहे. ज्यांना उभ्यानं बारा तास काम करायचंय त्यांनी काय करायचं? पोराला मागाला बांधायचं?"

गॅलरीत मावश्या कठड्याशी सरकल्या.

"अगं ए!" साहेब ताडकन उठले आणि कठड्यावरून वाकले. "काय चाललंय? खाली बस!"

नगराध्यक्षांनी वर पाहिलं. त्यांच्या मनात तेव्हा काय होतं देव जाणे. पक्षाचा माणूस म्हणून त्यांना साहेबांचंच म्हणणं हवं होतं. पण सभागृहात सगळे बघत होते, आणि नियम म्हणजे नियम. त्यांनी हातोडी आपटली. "गॅलरीतल्यांनी बोलू नये! सभासद बोलतायत."

सभासद बोलतायत. हे शब्द त्या सभागृहात कुमुदिनीवहिनींबद्दल पहिल्यांदाच उच्चारले गेले असावेत. साहेब तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले. मग त्यांच्या मागून खैरूनआपांनी अगदी अदबीने त्यांचा सदरा ओढला आणि कुजबुजल्या, "बसा साहेब. आम्हाला दिसत नाही."

साहेब बसले.

"माझं मत उपसूचनेला," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी हात वर केला. कोपरातून दुमडून, लाजत नव्हे, तर सरळ छताकडे. हातातल्या बांगड्या खळकन मागे सरकल्या. एवढ्या लांबून मला तो आवाज ऐकू आला, असं मी आजही शपथेवर सांगेन.

"तेरा," मुख्याधिकारी म्हणाले.

आपांची ताकीद मग कुणीच पाळली नाही. गॅलरीत जो कल्लोळ झाला त्यात नगराध्यक्षांची हातोडी बुडाली. डबा खाणारे एक म्हातारबुवा काठी आपटून नाचू लागले. एका विडीवाल्या बाईने मला मिठी मारली आणि मग मी पुरुष असल्याचं आठवून लाजून दुसरीला मारली. मी रडत होतो की हसत होतो, मला आठवत नाही.

मी जिने उतरून समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. करीमनगरचा नंबर लागायला वेळ लागला. सुगुणाक्कानेच उचलला.

"अक्का, अंबादास बोलतोय. रविवारी येतेयस ना?"

"हो. तिकीट काढलंय. तिचे कपडे काढून ठेव."

"ये. नक्की ये. चार दिवस राहायला ये, तिला भेटायला ये. पण न्यायला येऊ नकोस, अक्का."

पलीकडून ती म्हणाली, "काय झालं रे?"

"आम्ही जिंकलो."

ती रडली, ते मला ऐकू आलं. पण रविवारी ती आली. येताना रेवतीसाठी दोन झगे आणले आणि माझ्यासाठी लोणच्याची बरणी. चार दिवस राहिली, रोज पोरीला घेऊन पाळणाघरात जाऊन बसली. पुढे दरवर्षी उन्हाळ्यात येत राहिली. आज रेवती स्वतः नोकरी करते आणि सुगुणाक्काला अम्मा म्हणते. मला नाना म्हणते. आमच्या तेलुगू घरांत नाना म्हणजे बाप.

बूथमधून बाहेर आलो तेव्हा नगरपालिकेच्या फाटकातून सगळ्या बायका बाहेर पडत होत्या. कुणीतरी हलगी आणली होती. घोळक्याच्या मधोमध कुमुदिनीवहिनी. त्यांच्या कपाळावर कुणीतरी गुलाल फासला होता आणि त्या घाबरल्यासारख्या, पण हसत होत्या. फाटकाशी साहेबांची जीप उभी होती. साहेबांनी आतून दार उघडून धरलं होतं.

"बस," ते म्हणाले. "घरी बोलू."

वहिनींनी जीपकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग पदर खोचला.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी यांच्याबरोबर चालत येते. वॉर्डातूनच जायचंय, लोकांना भेटते जरा."

हलगी वाजायला लागली. आम्ही निघालो. वहिनींच्या एका बाजूला आपा, दुसऱ्या बाजूला ते काठीवाले म्हातारबुवा. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना माग चालू. हलगी ऐकून कामगार दारात येत होते, काय झालं विचारत होते, आणि ऐकून आमच्यात शिरत होते. मागून साहेबांनी हॉर्न दिला. एकदा, दोनदा, मग दाबूनच धरला.

खैरूनआपा मागे वळल्या. त्यांनी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला.

"साहेब, हळू घ्या," त्या ओरडल्या. "पुढं नगरसेविकेची मिरवणूक चाललीय!"

हॉर्न थांबला. आणि थेट वॉर्डाच्या चौकापर्यंत ती जीप आमच्या चालीने मागे मागे येत राहिली.